दोन सिलिंडरची गोष्ट

शीर्षक वाचून कुणाला गॅसचा नंबर लावणं आठवलं असेल तर त्यात त्यांची काही चूक नाही. आमच्या लहानपणी घरात दुसरा सिलिंडर येणं म्हणजे केवढी ऐट होती! पण आजची गोष्ट त्या सिलिंडरची नाही. ही गोष्ट आहे एका रिव्हॉल्व्हरच्या दोन सिलिंडरची. आई हे वाचणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो, आई, मी काहीही विकत घेतलेलं नाही. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.

तर झालं असं. इथे पेनसिल्व्हेनियात आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ८२. आम्ही या घरात आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात न सांगता आमच्या दारापुढचा बर्फ काढून देणारा माणूस. आता एकट्याने घर झेपत नाही म्हणून ते मुलीकडे राहायला निघालेत. महिनाभर आवराआवर चालली आहे. शिडी आम्हाला मिळाली, गवत कापायचं यंत्र पलीकडच्यांना. आणि एका संध्याकाळी ते एक लाकडी खोकं घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे तुझ्यासाठी ठेवलंय. पण घाई नाही, विचार करून सांग."

आत काय आहे ते मला उघडायच्या आधीच माहीत होतं. दहाएक वर्षांपूर्वी त्यांनीच मला पहिल्यांदा रेंजवर नेलं होतं, तेव्हा हेच खोकं होतं. आत रुगर कंपनीचं 'सिंगल-सिक्स' रिव्हॉल्व्हर. त्यांनी १९६४ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेलं. शेजारी एका लहानशा कापडी पिशवीत त्याचा दुसरा सिलिंडर. एक सिलिंडर साध्या .२२ काडतुसांचा, दुसरा .२२ मॅग्नमचा.

त्या दिवशी आधी साधा सिलिंडर होता. फटाक्यांच्या माळेतला एखादा फटाका सुटावा तसा आवाज. हाताला झटका जवळजवळ नाहीच. मग आजोबांनी मधली दांडी ओढून काढली, सिलिंडर तळहातावर घेतला, दुसरा बसवला. "आता बघ," म्हणाले. रिव्हॉल्व्हर तेच, नळी तीच, पण पहिल्याच गोळीला मी दचकलो. सुतळी बॉम्बच! कानावर संरक्षक असूनही जाणवावा असा आवाज, आणि नळीच्या तोंडाशी भर दुपारी दिसणारी ज्वाळा. झटका मात्र अजूनही किरकोळच. मी हसायला लागलो. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी आयुष्यभर सॉफ्टवेअरवाला, कोकणस्थ घरातला, साधा डास मारतानाही दोनदा विचार करणारा. मला या वस्तूत आवडण्यासारखं काय सापडलं? त्या प्रश्नापायी मी या छोट्या काडतुसाच्या इतिहासात शिरलो, तो अजून बाहेर आलेलो नाही.

खरं तर बंदूक आमच्या घराला अगदीच परकी नव्हती. कोकणात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. नळीतून दारू ठासायची, छर्रे ठासायचे आणि मागे एक तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी. वानरांना त्या बंदुकीपेक्षा आजोबांच्या शिव्यांची भीती जास्त होती, पण ते असो.

गंमत अशी की .२२ चा जन्म या टोपीतूनच झालेला आहे. पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर या कारागिराने १८४५ च्या सुमारास अशाच टोपीच्या तोंडात एक छोटी गोळी बसवली. वेगळी दारूसुद्धा नाही, टोपीतल्या स्फोटकाच्या जोरावरच गोळी जायची. उद्देश काय, तर घरच्या दिवाणखान्यात नेमबाजी करता यावी! म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष चक्क एक करमणुकीची वस्तू होता.

ती करमणूक खिशात घातली अमेरिकेने. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी १८५७ मध्ये आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. सात गोळ्यांचं, .२२ चं. आज ज्याला '.२२ शॉर्ट' म्हणतात ते काडतूस तेव्हाचंच. गोळी २९ ग्रेनची, तिच्यामागे काळी दारू फक्त ४ ग्रेन. पण यात एक पेच होता. काडतूस मागून भरायचं तर सिलिंडरला आरपार भोकं हवीत, आणि त्या कल्पनेचं पेटंट १८५५ पासून रॉलिन व्हाइट नावाच्या गृहस्थांकडे होतं. स्मिथ-वेसननी त्यांच्याशी करार केला. प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट, मात्र पेटंटच्या कोर्टकचेऱ्या व्हाइटनी स्वतःच्या खर्चाने लढायच्या! पुढे यादवी युद्ध झालं, सैनिकांनी पदरमोड करून ही छोटी रिव्हॉल्व्हरं घेतली, कंपनी मोठी झाली, आणि व्हाइट वकिलांची बिलं भरत राहिले. पेटंट १८६९ मध्ये संपलं. त्यांना दिलासा देणारं विधेयक संसदेने मंजूर केलं, तर १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. युद्धकाळात या पेटंटने सरकारची अडचण केली, असा सैन्याच्या शस्त्रखात्याचा आक्षेप होता. कल्पना एकाची आणि नाव दुसऱ्याचं, हा प्रकार आमच्या ऑफिसातलाच आहे असं मला इतके दिवस वाटत होतं...

आता थोडं तांत्रिक, पण कंटाळा येऊ देणार नाही. या काडतुसांना 'रिमफायर' म्हणतात, कारण पेट घेणारं रसायन पुंगळीच्या बुडाला असलेल्या पोकळ कडेत भरलेलं असतं. घोडा त्या कडेवर आपटतो, कड चेपते आणि ठिणगी पडते. म्हणजे कड चेपण्याइतकी मऊ हवी. आणि मऊ आहे म्हणूनच तिच्यामागे फार दाब कोंडता येत नाही, नाहीतर फुटेल. मोठ्या काडतुसांनी ही पद्धत लवकरच सोडली. .२२ तेवढं तिला धरून राहिलं, कारण ते स्वस्त पडतं. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचं '.२२ लाँग रायफल' आलं आणि तेच आजतागायत चालू आहे. आपल्या राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं, ते याच काडतुसावर.

पण माणसाला 'थोडं आणखी' हवंच असतं. विंचेस्टरने १८९० मध्ये .२२ चंच एक जरा दणकट भावंड काढलं. आणि १९५९ मध्ये त्याची पुंगळी आणखी लांबवून '.२२ विंचेस्टर मॅग्नम रिमफायर' आणलं. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे पाव तोळ्याहूनही कमी वजनाची, पण रायफलच्या लांब नळीतून सेकंदाला जवळजवळ २००० फूट वेगाने जाणारी. यातली खुबी मला फार आवडली. साध्या .२२ ला आणि मॅग्नमला परवानगी असलेला कमाल दाब एकच आहे, मऊ कडेपुढे इलाज नाही ना! म्हणून दाब न वाढवता जागा वाढवली. पुंगळी लांब आणि किंचित जाड, त्यामुळे दारू जास्त. 'मॅग्नम' हा शब्दसुद्धा वाइनच्या मोठ्या बाटलीवरून आलेला आहे. दारू हा एकच शब्द बाटलीला आणि बंदुकीला वापरणाऱ्या आपल्या मराठीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुंगळीची ही जाडी हेच दोन सिलिंडरचं कारण. मॅग्नमच्या घरात साधं काडतूस ढिलं बसतं, उडवलं तर चिरतं. नळी मात्र दोघांना चालते. तेव्हा सिलिंडर बदला की झालं. रुगरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही जोडी विकायला काढली. काडतूस विंचेस्टरचं, पण त्यांची स्वतःची मॅग्नम रायफल यायला १९६० उजाडलं. तोवर रुगर आणि स्मिथ अँड वेसन यांची रिव्हॉल्व्हरं बाजारात आलेलीसुद्धा होती.

आणि रुगरचं ते रिव्हॉल्व्हर मुळात आलं कुठून? काउबॉयकडून. कोल्ट कंपनीने आपलं प्रसिद्ध जुनं 'सिंगल ॲक्शन' दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद केलं होतं. इकडे टीव्हीवर घोडे आणि टोप्या धावायला लागल्या आणि पोरांना ते हवं झालं. बिल रुगर यांनी १९५३ मध्ये त्याच घाटाचं, पण .२२ चं, आतल्या सहज तुटणाऱ्या पात्यांच्या जागी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा घातलेलं 'सिंगल-सिक्स' काढलं. आमचे शेजारी त्याच टीव्हीसमोर वाढलेले. त्यांना विचारलं, मॅग्नम कशाला घेतलंत? तर म्हणाले, "ग्राउंडहॉगसाठी." परसातला भोपळा खाणारा प्राणी. पण मग हसून पुढे म्हणाले, "वडिलांना तेवढं सांगितलं होतं."

हे वाचत असताना एका सनावर मी अडखळलो. १९५९. त्याच वर्षी आपल्याकडे शस्त्र कायदा संमत झाला, जो १९६२ पासून लागू आहे. त्याआधीचा १८७८ चा कायदा इंग्रजांचा. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनांना सूट. तो रद्द व्हावा म्हणून काँग्रेसने किती ठराव केले असतील! स्वातंत्र्यानंतर नवा कायदा आला, पक्षपात गेला, पण परवाना राहिला. एकाच वर्षी एका देशाने 'थोडं आणखी' म्हटलं, दुसऱ्याने 'विचारून'. मी दोन्ही देशांचा, म्हणून मला दोन्ही वाक्यं कळतात.

आता मूळ प्रश्न. आवडतं काय? हिशेबाने पाहिलं तर ही वस्तू कुठेच बसत नाही. खेळायला साधं .२२ पुरे, मॅग्नमची काडतुसं त्याच्या तिपटीच्या घरात जातात. रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीत तो रायफलचा वेगही मिळत नाही, बरीचशी दारू आवाजात आणि उजेडात जाते. पण ते भरणं! घोडा अर्धा ओढायचा, बाजूची झडप उघडायची, सिलिंडर एकेक घर फिरवत एकेक काडतूस सोडायचं. रिकाम्या पुंगळ्याही तशाच, दांडीने एकेक ढकलून काढायच्या. शिवाय आजोबांचं रिव्हॉल्व्हर १९७३ च्या आधीचं. त्यात घोडा काडतुसावर टेकलेला असताना धक्का लागला तर गोळी सुटू शकते. म्हणून सहा घरांत पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा. दर गोळीला अंगठ्याने घोडा ओढावा लागतो. घाईच करता येत नाही. सुपारी कातरत बसलेल्या माणसाची शांतता आहे त्यात. आणि मग त्या शांततेच्या शेवटी तो सुतळी बॉम्ब.

एवढंच असतं तर मी 'हो' म्हटलं असतं.

पण इतिहास अर्धा वाचून थांबता येत नाही. ५ जून १९६८ च्या मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसच्या ॲम्बेसेडर हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या आठ गोळ्यांच्या .२२ रिव्हॉल्व्हरमधून. ते दुसऱ्या दिवशी गेले. ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला, तोही .२२ च्या रिव्हॉल्व्हरने. रेगन वाचले. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली, ते कायमचे अपंग झाले आणि २०१४ मध्ये गेले. ही मॅग्नमही नव्हेत, साधी, त्याहून लहान काडतुसं. १९९३ मध्ये ब्रेडींच्या नावाने कायदा झाला आणि दुकानातून पिस्तूल-रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणं देशभर सुरू झालं. म्हणजे आजोबांचं खोकं माझ्या नावावर करायला दुकानदारासमोर जी चौकशी होणार होती, तिच्या मुळाशीही एक .२२ चीच गोळी होती.

'लहान' या शब्दाने मला फसवलं होतं. दिवाणखान्यातली करमणूक, काउबॉयचं खेळणं, ग्राउंडहॉगपुरतं... हे सगळं खरं आहे. आणि हेही तितकंच खरं आहे की पाव तोळ्याच्या त्या शिशाला आपण खेळणं आहोत हे ठाऊक नसतं.

घरी बोलणं झालं. बायको म्हणाली, "अरे, तुला नेम धरायला आवडतो ना? मग रेंजवर जा की. तिथे भाड्याने मिळतं." आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. गुणी आहे, पण सोळा वर्षांचा आहे. कुलूप लावता येतं, किल्ली लपवता येते. पण आमच्या घरात आजवर एकही गोष्ट अशी नाही की जिची किल्ली त्याला सापडलेली नाही. दिवाळीच्या चकलीच्या डब्यापासून माझ्या लॅपटॉपच्या पासवर्डपर्यंत.

मी आजोबांना 'नाही' सांगायला गेलो तेव्हा वाटलं होतं की ते दुखावतील. त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाले, "माझी मुलं लहान होती तेव्हा हे सहा वर्षं माझ्या भावाकडे होतं." एवढंच. दहा वर्षांच्या ओळखीत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आता ते नातवाकडे जाईल. तो तिशीचा आहे, आणि त्याला ते हवं आहे.

गेल्या रविवारी आम्ही शेवटचे रेंजवर गेलो. आजोबांचा अंगठा आता दुखतो, घोडा ओढवत नाही, म्हणून पाचही गोळ्या त्यांनी मलाच झाडायला लावल्या. मॅग्नमचा सिलिंडर. तीन नेमात, दोन कुठे गेल्या देव जाणे. निघताना त्यांनी एक रिकामी पुंगळी माझ्या हातावर ठेवली. इंचभर लांबीची, पितळी. बुडाच्या कडेवर घोड्याची एक बारीक खूण.

ती आता माझ्या टेबलावर आहे, पेनांच्या डब्यात. मुलाने विचारलं, हे काय? मग त्याला सगळी गोष्ट सांगितली, फ्लोबेरपासून ब्रेडींपर्यंत. म्हटलं, तुम्हालाही सांगावी.

आई, आता फोन कर.