तालीम सुटली की काय सुटते?

आपल्या भाषेत ‘तालीम’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. पहिलवान मातीत जोर-बैठका मारतो ती तालीम, आणि स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर मुलं नाच बसवतात तीही तालीमच. शब्द एकच असला तरी या दोन तालमींची गाठ क्वचितच पडते. नाचणाऱ्याने वजनं उचलली तर अंग जाड होईल, लवचीकपणा जाईल, अशी भीती जगभरच्या नृत्यशिक्षकांना होती. अनेकांना ती अजूनही आहे. ही भीती कितपत खरी? आणि कमावलेली ताकद तालीम सुटल्यावर किती दिवस टिकते? या प्रश्नांची उत्तरं शोधण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

मायलो नावाच्या प्राचीन ग्रीक मल्लाची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेलं, तसतशी मायलोची ताकदही वाढत गेली. ही दंतकथाच, पण तिच्यात एक तत्त्व दडलेलं आहे : भार हळूहळू वाढवायचा. या तत्त्वाला शास्त्राचा आधार मिळायला मात्र विसावं शतक अर्धं सरावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले हजारो अमेरिकन सैनिक रुग्णालयांत पडून होते. अशक्त झालेल्या पायाला हलका व्यायाम पुष्कळ वेळा द्यायचा, अशी तेव्हाची पद्धत होती. सैनिक लवकर बरे होत नसत. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर होता. लहानपणी सांधेज्वराने त्याला अंथरुणाला खिळवलं होतं, आणि त्यातून उठल्यावर त्याने वजनं उचलून शरीर कमावलं होतं. त्याने रूढ पद्धत उलटी केली. जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं जड वजन द्यायचं, आणि ताकद वाढली की वजन वाढवायचं. त्याचे निष्कर्ष १९४५ साली प्रसिद्ध झाले. आज व्यायामशाळेत कोणी ‘दहा-दहाचे तीन सेट’ मारतो, तेव्हा तो बहुधा नकळत डीलॉर्मचीच पद्धत वापरत असतो.

तरीही ‘वजनाने अंग आखडतं’ हा समज जाईना. १९५१ साली झोर्बास आणि कार्पोविच या दोघांनी त्याची सरळ परीक्षा घेतली. ३०० वजन उचलणारे आणि ३०० न उचलणारे पुरुष घेऊन त्यांना हाताने एक दांडा भराभर फिरवायला लावला. समज खरा असता तर वजन उचलणारे मागे पडायला हवे होते. प्रत्यक्षात तेच अधिक वेगवान निघाले!

मग ताकद वाढते म्हणजे नेमकं काय होतं? स्नायू जाड होतो, हे अर्धंच उत्तर. १९७९ साली मोरितानी आणि डीव्रीस यांनी दाखवून दिलं, की पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेमुळे वाढते. स्नायू तोच असतो, पण त्यातले अधिक तंतू एकदम कामाला लावायला मज्जासंस्था शिकते. स्नायूची जाडी त्यानंतर भरते. वर्गात सगळी मुलं हजर असूनही मोजकीच हात वर करत असावीत, आणि हळूहळू सगळीच करू लागावीत, तसं काहीसं हे आहे. नाचणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी दिलासा देणारी गोष्ट होती.

नृत्याकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वळलं ते यानंतर. १९८४ साली स्टॉकहोममध्ये शान्झ आणि ओस्ट्रांड यांनी बॅले नर्तकांचा प्राणवायूचा वापर मोजला. रोजच्या सरावात तो कमाल क्षमतेच्या साधारण ३५ ते ४५ टक्के भरला, रंगमंचावरच्या नाचात मात्र सुमारे ८० टक्के. म्हणजे परीक्षा अवघड आणि गृहपाठ सोपा! १९८८ साली ऑस्ट्रेलियात स्पर्धेत उतरणाऱ्या बॉलरूम नर्तक जोड्यांची अशीच पाहणी झाली. नाचताना त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १७०च्या आसपास होते. बाहेरून सहज दिसणारा नाच आतून धावण्याच्या शर्यतीसारखा होता. १९९७ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने स्पर्धात्मक नृत्याला खेळ म्हणून मान्यता दिली, ती काही उगाच नव्हे. २०२४ साली पॅरिसला ‘ब्रेकिंग’ हा नृत्यप्रकार ऑलिंपिकमध्ये खेळलाही गेला.

अपुऱ्या ताकदीची किंमत नर्तकाचं शरीर मोजतं. ब्रिटनमध्ये यानिस कुतेदाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९७ साली आढळलं, की मांडीच्या स्नायूंची ताकद जितकी कमी, तितक्या कमरेखालच्या दुखापती जास्त गंभीर. मग त्यांनी आणि क्रेग शार्प यांनी व्यावसायिक बॅले नर्तिकांना १२ आठवडे मांडीच्या ताकदीचे व्यायाम दिले. २००४ साली निष्कर्ष आले : ताकद वाढली, पण मांडीचा घेर वाढला नाही. जुन्या भीतीला निदान इथे तरी आधार सापडला नाही.

आता दुसरा प्रश्न. तालीम सुटली की काय होतं?

१९६६ साली अमेरिकेत डल्लास इथे विशीतल्या पाच विद्यार्थ्यांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं! अर्थात सराव थांबवणं म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे. १९८४ साली कॉयल आणि सहकाऱ्यांनी दमाच्या खेळांत मुरलेल्या खेळाडूंचा सराव बंद करून पाहिलं. क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्के आणि आठ आठवड्यांत १६ टक्के उतरली, मग तिथेच स्थिरावली. तेव्हाही ती कधीच सराव न केलेल्यांपेक्षा जास्त होती.

ताकद तर दमापेक्षाही चिवट निघाली. १९९१ साली स्टारन आणि सहकाऱ्यांनी ज्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यांनी २० आठवडे वजनांचा व्यायाम केला होता आणि नंतर ३० आठवड्यांहून अधिक काळ सोडला होता. पुन्हा सुरू केल्यावर अवघ्या सहा आठवड्यांत त्या जवळजवळ पूर्वपदावर आल्या. म्हणजे शरीर शिकलेलं सगळं पुसून टाकत नाही.

पण सर्वांत चकित करणारा निष्कर्ष कुतेदाकिस यांच्याच गटाचा, १९९९ सालचा. व्यावसायिक नर्तिकांची तपासणी सहा आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीच्या आधी आणि नंतर झाली. सुट्टीनंतर घसरण दिसेल अशीच अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात पायांची ताकद, लवचीकपणा आणि दम, तिन्ही वाढलेले होते! हे कसं? हंगामाच्या शेवटी त्या नर्तिका कसलेल्या नव्हत्या, तर थकलेल्या होत्या. रोजच्या सरावाने आणि प्रयोगांनी साचलेला शीण त्यांची खरी ताकद झाकून ठेवत होता. विश्रांतीने तो उतरला.

या दोन निष्कर्षांत विरोध वाटतो, पण तो नाही. भार पडतो तेव्हा शरीर झिजतं आणि विश्रांतीत ते भरून येतं, थोडं जास्तच. भार नुसताच चढवत नेला तर भरून यायला वेळ मिळत नाही, आणि विश्रांती फार लांबली तर कमावलेलं ओसरतं.

हे वर्गात पडताळून पाहायला खडूचा एक तुकडा पुरतो. १९२१ साली डडली सार्जंट यांनी सुचवलेली चाचणी अशी : भिंतीजवळ उभं राहून हात वर करून खूण करायची, मग जागेवरून उंच उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांतलं अंतर म्हणजे पायांच्या जोराचं माप. दिवाळीच्या सुट्टीआधी, सुट्टीनंतर आणि संमेलनाच्या तालमी संपल्यावर ही मापं घेऊन मुलांना आलेख काढायला सांगा. प्रत्येकाचा आलेख वेगळा येईल. तो तसा का आला, यावर वर्गात चर्चा होऊ द्या.

कावीळ किंवा टायफॉइडमधून उठून महिन्याभराने नाचाच्या तालमीला आलेली मुलगी पहिल्याच दिवशी धापा टाकते. आपण चटकन म्हणतो, ‘सगळं विसरलीस.’ वरचा इतिहास सांगतो, की तिचा दम उतरलाय, शिकलेलं बरंचसं शाबूत आहे. मायलोच्या वासराप्रमाणे थोड्यापासून सुरुवात करून दिली, तर ती परत उभी राहील. आणि संमेलनाच्या आदल्या आठवड्यात सगळाच संघ चुकायला लागला, तर आणखी एक तालीम घेण्याऐवजी एक दिवस सुट्टी देऊन पाहायला हरकत नाही.