रीम्सचे पुनरागमन
७ मे १९४५ रोजी जर्मनीने शरणागतीवर सही केली ती फ्रान्समधील रीम्स शहरात. ४ जुलै १९५४ रोजी त्याच शहराबाहेरच्या रस्त्यांवर मर्सिडीज-बेंझचा नवा संघ फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि पदार्पणातच फँजिओ पहिला, क्लिंग दुसरा आला. (पहिला मुळी अर्जेंटिनाचा!) त्याच दिवशी पश्चिम जर्मनीने बर्नमध्ये फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. त्या विजयात राष्ट्राचा पुनर्जन्म पाहणारे पुष्कळ. मला रीम्स अधिक बोलके वाटते. पराभूतांचा उद्योग तेथे जेत्यांच्या अंगणात परतला होता.

पुढे ११ जून १९५५ रोजी ल मांस येथे मर्सिडीजच्याच गाडीचे अवशेष प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसे मेली. वर्षअखेरीस कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. स्वतःचा संघ घेऊन ती फॉर्म्युला वनमध्ये परतली, ती थेट २०१० साली.