पोटात टिकलेले पेनिसिलिन

पेनिसिलिनची कथा १९२८ साली फ्लेमिंगच्या बशीतल्या बुरशीपासून सुरू होते आणि बहुतेकदा दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांपाशी संपते. पण तिथवरचे पेनिसिलिन हे सुईचे औषध होते. गिळले तर जठरातले आम्ल त्याचा बराचसा भाग नासवून टाकी. टोचले तर ते लघवीवाटे इतक्या वेगाने निघून जाई की दर तीन-चार तासांनी पुन्हा टोचावे लागे. पुढे शरीरात जास्त वेळ टिकणारी इंजेक्शने आली, तरी सुई टळली नाही. १९५४ मध्ये पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हाही प्रश्न उरलाच होता: औषध देशात बनले, तरी दवाखान्यापासून लांब राहणाऱ्याला ते रोज टोचणार कोण? पोटात टिकणाऱ्या पेनिसिलिनचा इतिहास म्हणूनच महत्त्वाचा आहे. औषध निव्वळ रेणू बनल्याने सिद्ध होत नाही, त्या रेणूचा रुग्णाला काय उपयोग हे कोणीतरी ओळखावे लागते, हे त्यातून दिसते.

ही ओळख पटली ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या कुंडल या छोट्या गावी. युद्धानंतर हा भाग फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होता. तिथल्या बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यात १९४६ मध्ये ‘बायोकेमी’ ही कंपनी उभी राहिली. आंबवण्याच्या टाक्या होत्या, पण परके जंतू शिरून पेनिसिलिनचे घाणे खराब होत. त्यांना आवरण्यासाठी टाक्यांत फिनॉक्सीएथेनॉल घालण्यात आले. बुरशीने त्याचे फिनॉक्सीअॅसेटिक आम्ल बनवले आणि तेच पेनिसिलिनच्या रेणूला बाजूची साखळी म्हणून जोडले. या नव्या साखळीमुळे आम्लाला रेणूचे नाजूक बीटा-लॅक्टम वलय सहज फोडता येईना. हे पेनिसिलिन, म्हणजेच पेनिसिलिन व्ही, आम्लात तग धरते, ही गोष्ट कंपनीचे संशोधक एर्न्स्ट ब्रांडल आणि हान्स मारग्राइटर यांनी हेरली आणि १९५३ मध्ये पेनिसिलिन व्ही पोटातून देता येते हे जाहीर झाले.

हा तर निव्वळ योगायोग, असे कोणी म्हणेल. योगायोग होताच, पण हा रेणू त्याआधीही बनून गेला होता. अमेरिकेतल्या एलाय लिली कंपनीच्या संशोधकांनी बुरशीला निरनिराळी आम्ले पुरवून नवी पेनिसिलिने बनवली होती, आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात हाच रेणू होता. तो आम्लात टिकतो हा गुण मात्र तेव्हा कुणाच्या नजरेत भरला नाही. पहिलेपणाचा मान लिलीच्या संशोधकांना द्यायलाच हवा, तरी रुग्णाच्या हाती गोळी आली ती कुंडलमुळे. रेणू तोच, बुरशीही त्याच जातकुळीची. फरक पडला तो त्याला कोणता प्रश्न विचारला गेला यामुळे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोळीने रक्तात औषधाची पातळी इंजेक्शनइतकी चढत नाही, म्हणून जीवघेण्या संसर्गात सुईच लागते. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडू नयेत यासाठी वर्षानुवर्षे पेनिसिलिन द्यावे लागते, तिथेही तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन रोजच्या गोळ्यांपेक्षा भरवशाचे ठरते, कारण गोळ्या चुकतात. शिवाय घरात आलेले औषध अर्धवट सोडले जाते, कारण नसताना घेतले जाते आणि त्यातून दाद न देणाऱ्या जंतूंना वाव मिळतो. हे सारे खरे आहे. पण यातून गोळीचा दोष सिद्ध होत नाही. स्ट्रेप्टोकोकसमुळे सुजलेल्या घशासाठी दहा दिवसांचे उपचार घरी शक्य झाले, तेव्हा ते पूर्ण करून घेण्याचे कामही रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आले. डॉक्टरने नेमके निदान करावे, औषधविक्रेत्याने चिठ्ठीशिवाय गोळी देऊ नये आणि रुग्णाने सांगितलेले दिवस पुरे करावेत, एवढी शिस्त समाजाने पाळायला हवी. कुंडलच्या संशोधकांनी रेणूचा उपयोग ओळखला. तो टिकवणे आता वापरणाऱ्यांच्या हाती आहे.