मिरचीच्या कुळातली बिनतिखट

वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात ज्वाला, ब्याडगी आणि ढोबळी मिरची यांची नोंद एकाच जातीखाली आहे: कॅप्सिकम ॲन्यूअम. मुंबईकर जिला भोपळी म्हणतात आणि हॉटेलवाले सिमला मिरची, तिचं आपल्या तिखट बहिणींशी इतकं जवळचं नातं आहे की त्यांचा सहज संकर होतो. तिखटपणा येतो कॅप्सेसिनमुळे. ते बियांत असतं अशी आपली समजूत असली तरी ते तयार होतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. ढोबळी मिरची चिरताना आपण देठासकट उपटून टाकतो तोच हा भाग. कॅप्सेसिन बनवण्याचं काम ‘पन-१’ या जनुकावर अवलंबून असतं. या जनुकाची आई आणि बाप या दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत आली, की मिरची बिनतिखट होते.

रानात असा बिघाड परवडला नसता. मेक्सिकोतल्या मूळच्या रानमिरच्या वाटाण्याएवढ्या. उंदीर-घुशी त्या खायला गेल्या तर दाढांखाली बियांचा चुरा होणार, म्हणून त्यांना पळवून लावायला तिखट. पक्ष्यांना मात्र ते जाणवतच नाही. ते फळ अख्खं गिळतात आणि बिया दूरवर टाकतात. तिखटपणा गमावलेली मिरची टिकली ती माणसाने सांभाळली म्हणूनच. हजारो वर्षं मोठ्या, मांसल फळाचं बी राखत राखत तिचा आकार वाढवला तोही त्यानेच. बाल्कनीत ढोबळीच्या शेजारी लवंगी लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: परागकण इकडून तिकडे गेले तरी यंदाचं फळ गोडच निघेल, पण त्याचं बी धरून पेरलंत तर पुढच्या मिरच्या झणझणीत निघू शकतात.

कोलंबसाच्या सफरीनंतर मिरची स्पेनला पोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली. तिखट मिरची बघता बघता देशभर पसरली, ढोबळी मात्र मागे राहिली. माझ्या मते याचं कारण चवीपेक्षा साठवणीत आहे. तिखट मिरची वाळते, कुटता येते, डब्यात वर्षभर राहते. ढोबळीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ती चार दिवसांत सुरकुतते. त्यातून तिला हवा थंड लागते, उन्हाळा तापला की फुलं गळतात. इंग्रजांच्या काळात सिमल्याच्या डोंगरात तिची लागवड झाली आणि तेच नाव तिला चिकटलं. पुढे अमेरिकेतून आलेल्या ‘कॅलिफोर्निया वंडर’ या वाणाने इथे चांगलं बस्तान बसवलं.

तिचं आरोग्याच्या खात्यावरचं नाव मात्र झालं हंगेरीत, आणि तेही एका नकोशा जेवणामुळे. आल्बर्ट सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञाने 1928 मध्ये केंब्रिजला असताना प्राण्यांच्या ॲड्रिनल ग्रंथींतून एक नवा पदार्थ वेगळा केला होता. तो नेमका काय आहे हे कळेना, म्हणून त्याने ‘मला ठाऊक नाही’ अशा अर्थाचं थट्टेचं नाव सुचवलं. संपादकांनी ते नाकारलं, तेव्हा ‘देवालाच ठाऊक’ अशा अर्थाचं दुसरं सुचवलं. तेही अर्थात नाकारलं गेलं. पुढे अमेरिकेत कत्तलखान्यांतून आणलेल्या ढीगभर ग्रंथींतून हाती लागले फक्त पंचवीसेक ग्रॅम, आणि तेही प्रयोगांत संपले. मग तो मायदेशी सेगेड गावी प्राध्यापक झाला. सेगेड म्हणजे पाप्रिका मिरचीचा मुलूख. एका रात्री बायकोने जेवणात ताजी गोड मिरची वाढली. त्याला ती खायची नव्हती, पण तसं म्हणायचा धीर होईना. ही तेवढी आपण अजून तपासलेली नाही, असं आठवून तो ती घेऊन थेट प्रयोगशाळेत गेला. मध्यरात्रीपर्यंत त्याला घबाड सापडलं होतं. काही आठवड्यांतच त्या पदार्थाचे स्फटिक ग्रॅमऐवजी किलोच्या हिशेबात मोजता येऊ लागले. तो पदार्थ म्हणजे क जीवनसत्त्व. 1937 चं वैद्यकाचं नोबेल सेंट-ग्योर्गीला मिळालं, आणि त्या पदार्थाची रचना उलगडणाऱ्या नॉर्मन हॉवर्थला त्याच वर्षी रसायनशास्त्राचं.

आकडेच पाहायचे तर शंभर ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळीत सुमारे 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज तेवढ्यात भागते. लाल ढोबळीत ते 125 च्या पुढे जातं. लाल म्हणजे कुठली परदेशी जात नव्हे. हिरवी हीच मुळात कच्ची. झाडावर पिकू दिली की वाणाप्रमाणे लाल, पिवळी किंवा नारिंगी होते. पिकायला आणखी काही आठवडे लागतात, तोवर किडीची आणि उन्हाची धास्ती. म्हणून आपल्याकडे रंगीत मिरची पॉलिहाऊसमध्ये सुतळीवर चढवून वाढवतात आणि ती महाग पडते. तीन उंचवट्यांची मिरची नर आणि चारांची मादी, हे फॉरवर्ड मात्र निव्वळ थाप. फूल उभयलिंगी असतं, आणि फळाला नर-मादी कुठून असणार?

क जीवनसत्त्वाला आच सोसत नाही. त्यामुळे पावभाजीच्या तव्यावर तासभर रटरटणारी ढोबळी स्वादापुरतीच उरते. हा स्वादही मोठा चिवट. हिरव्या ढोबळीचा तो उग्र वास ज्या पायराझीन गटातल्या संयुगाचा, त्याचे काही थेंब मोठ्या जलतरण तलावभर पाण्यातही नाकाला कळतात.

त्यामानाने पीठ पेरून केलेली भाजी शहाणी. तेल जरा सढळ हाताने, मोहरी तडतडली की हिंग-हळद, त्यावर चिरलेली मिरची. तिचा करकरीतपणा जरासा मोडला की बेसन वरून भुरभुरायचं, पाण्याचा एखादा हबका मारून झाकण ठेवायचं. पाच-सात मिनिटांत बेसनाचा खमंग वास सुटतो आणि मिरची लगदा न होता उतरते. तिच्यातल्या कॅरोटीनला तेल लागतंच. बेसनातलं लोह एरवी अंगी लागायला कुरकुर करतं; क जीवनसत्त्व सोबत असलं की ते बरंच जास्त शोषलं जातं. एवढं करूनही बहुतेक घरांत पानाला बसलेलं कुणीतरी या भाजीवर वरून लाल तिखट मागतंच.