तळघरातली काजळी

माझे बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. आई दोरीवर धुणे घालायची आणि तासाभरात पांढऱ्या सदऱ्यांवर काजळीचे ठिपके उमटायचे. म्हणून दुकानाच्या काचेआडचे चकचकीत खेळण्यातले इंजिन मला कधी खरे वाटलेच नाही. रेल्वे इतकी स्वच्छ नसते, हे आमच्या वाडीतल्या पोरांना न शिकवता ठाऊक होते.

हेच कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावच्या जॉन ॲलन यांनी ओळखले होते. १९१३चा जन्म, पेशा छायाचित्रकाराचा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी १:८७ प्रमाणात एक मॉडेल रेल्वे मांडायला घेतली. या प्रमाणात सहा फुटी माणूस दोन सेंटिमीटरच्या आसपास भरतो. पहिली मांडणी टेबलाएवढीच होती. तिचे नाव ‘गोर अँड डॅफेटिड’. भरभर उच्चारले तर इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असे ऐकू येते.

त्यांनी इंजिनांची चकाकी घालवली. पातळ रंगाचे हात देऊन गंज, धूळ, तेलाचे ओघळ आणले. फळ्या उन्हापावसात करड्या पडलेल्या दाखवल्या. मॉडेल जुने दिसले पाहिजे, हा विचार हौशी मंडळींत रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. मला तर तोच सर्वांत मोठा वाटतो. गंज दिसला की त्या जागी आधी काही घडून गेले आहे, हे पाहणाऱ्याला आपोआप पटते.

पुढे १९५०च्या दशकात त्यांनी घराच्या तळघरात तिसरी आणि शेवटची मांडणी सुरू केली. तिच्यातले डोंगर जमिनीपासून थेट छतापर्यंत जात. खोल दऱ्या, त्यांवर उंच पूल, धक्का असलेले बंदर. जागा अपुरी पडली तिथे त्यांनी आरसे अशा बेताने बसवले की रस्ता पुढेही चालू आहे असे वाटावे. मित्र जमत आणि वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवत.

याच रेल्वेच्या यार्डात एमा होती. एमा म्हणजे स्टेगोसॉरस, पाठीवर तकटांची रांग असलेला डायनोसॉर. तिला रीतसर १३ क्रमांक होता आणि तिचे काम डबे शंटिंग करण्याचे. तिचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कितीतरी वेळ पान उलटले नाही. भोवतालचा प्रत्येक स्लीपर, प्रत्येक खांब इतका खरा, की ती यार्डातल्या नोकरीतच म्हातारी झाली असावी असे वाटले. कल्पनेला असा आधार लागतो. तो देण्यात ॲलन यांची वर्षानुवर्षे गेली.

६ जानेवारी १९७३ रोजी ते वारले. त्यानंतर काही दिवसांतच तळघराला आग लागली आणि रेल्वे नष्ट झाली. उरले ते मुख्यतः त्यांनी स्वतः काढलेले फोटो. लिन वेस्टकॉट यांनी त्यांवर पुस्तक केले, ते १९८१ साली आले.

टेबलाएवढी ती पहिली मांडणी त्यांनी कधी मोडली नव्हती. शेवटच्या रेल्वेतच ती सामावून घेतली होती. त्या आगीत तीही गेली.