प्राण्यांची शास्त्रीय नावे : दख्खनमधील नामकरणाचा इतिहास

प्राण्याच्या प्रत्येक जातीस जगभर एकच नाव असावे व ते अन्य जातीस लागू नसावे, या हेतूने ठरविलेल्या नियमांच्या समुच्चयास प्राणिनामपद्धती म्हणतात. स्वीडिश निसर्गवैज्ञानिक कार्ल लिनीअस यांच्या सिस्टिमा नॅचुरी या ग्रंथाची दहावी आवृत्ती (१७५८) हा तिचा आरंभ मानला जातो. नावातील पहिले पद प्रजातीचे व दुसरे जातीचे असते. ह्यू स्ट्रिकलंड यांच्या पुढाकाराने १८४२ मध्ये ब्रिटनमध्ये नियम तयार झाले; १८९५ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. त्याच्या संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. एका जातीस अनेक नावे मिळाली असल्यास सर्वांत जुने ग्राह्य धरावे (अग्रक्रम नियम), हे तिचे प्रमुख तत्त्व होय.

या नियमाचे कार्य पाहण्यास दूर जावे लागत नाही. पुणे जिल्ह्याचा इंदापूर तालुका भीमा व नीरा या नद्यांच्या दरम्यान आहे. त्यातील निमगाव केतकी, कडबनवाडी या बाजूच्या माळरानांवर लांडगा अद्याप आढळतो. त्याचे शास्त्रीय वर्णन दख्खनमधूनच झाले. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकीय पाहणीचे काम केलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी दख्खनमधील सस्तन प्राण्यांची सूची १८३१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीतर्फे प्रसिद्ध केली. तीत लांडग्यास कॅनिस पॅलिपेस (फिकट पायांचा) व कोळसुंद्यास कॅनिस दखुनेन्सिस अशी नावे आहेत. पैकी दुसरे टिकले नाही. रशियात संशोधन करणारे पीटर पालास यांनी कोळसुंद्याचे वर्णन १८११ मध्येच कॅनिस अल्पायनस या नावाने केले होते; त्यामुळे आज क्यूऑन अल्पायनस हे नाव रूढ आहे. कोळसून, कोळसुंदा, रानकुत्रा ही बोलीतील नावे मात्र जशीच्या तशी राहिली.

साइक्स यांच्या मत्स्यविषयक लेखनात (१८३९) आणखी एक विशेष दिसतो. भीमा व तिच्या उपनद्यांतील अनेक माशांची स्थानिक नावेच त्यांनी द्विनामात बसविली. खुद्री, नुक्ता, मुसुल्ला हे शब्द अशा रीतीने जगाच्या प्राणिविज्ञानात गेले.

यांपैकी मुसुल्ला या नावाचा पुढील इतिहास उद्‌बोधक आहे. साइक्स यांनी बार्बस मुसुल्ला हे नाव नेमके कोणत्या माशास दिले, याविषयी संदिग्धता राहिली. १९४० नंतर सुंदरलाल होरा यांनी ते महसीर गटातील माशास लावले आणि कावेरी नदीतील पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीरही दीर्घकाळ याच नावाने ओळखला गेला. दरम्यान लोणावळा येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० नंतरच्या दशकात खुद्री महसीराची कृत्रिम पैदास सुरू झाली व त्याचे बीज कावेरीतही सोडण्यात आले. गळाने मासे धरून पुन्हा सोडणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींवरून असे दिसून आले की, तेथे खुद्री वाढत असताना मूळचा महसीर झपाट्याने घटत होता. २०१३ मध्ये मूळ वर्णनाच्या फेरतपासणीतून मुसुल्ला हा महसीर नसून हिप्सेलोबार्बस या निराळ्या प्रजातीतील मासा असल्याचे दाखविण्यात आले. परिणामी कावेरीच्या महसीरास ग्राह्य नावच उरले नाही, आणि निश्चित नावाअभावी संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय तांबड्या यादीत त्याचा समावेश होईना. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवीआय या जातीचा असल्याचे सिद्ध झाले व त्याच वर्षी त्याची अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली. त्याच सुमारास खुद्रीस मात्र संकटग्रस्त गटातून काढून अल्पतम चिंतेच्या गटात टाकण्यात आले. कावेरीत बीज सोडण्यामागील हेतू चांगला होता; परंतु कोणत्या नदीत कोणती जाती मूळची, हा प्रश्न आधी निकालात निघाला असता तर पुष्कळ हानी टळली असती, असे म्हणावे लागते.

शास्त्रीय नावेही बदलतात, ही तक्रार खरी आहे. उजनी जलाशयातील मासे भिगवण व इंदापूरच्या बाजारात येतात. त्यांतील ‘चिलापी’ म्हणजे १९५२ मध्ये भारतात आणलेल्या टिलापियाचा अपभ्रंश. वैज्ञानिकांनी त्या माशास आता ओरिओक्रोमिस प्रजातीत घातले आहे. बाजाराने जुने नाव सोडलेले नाही. पण मोझांबिकस हे त्याचे जातिनाम १८५२ पासून तेच असल्याने जुन्या-नव्या नोंदी जुळविता येतात.

लांडग्याचा प्रश्न अजून मिटलेला नाही. साइक्स यांची जाती पुढे कॅनिस ल्यूपस या जातीची उपजाती ठरली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोम-अभ्यासात भारतीय लांडग्याचा वंश इतर लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळा झाल्याचे आढळले. त्याच्यासाठी मध्यंतरी कॅनिस इंडिका असे नवे नाव सुचविण्यात आले होते. माळरानावरील या प्राण्यास स्वतंत्र जाती मानण्याचे ठरल्यास मात्र अग्रक्रम नियमानुसार साइक्स यांनी १८३१ मध्ये दिलेले नावच वापरावे लागेल.