मोठी थ्रॉटल बॉडी बसवावी का? कंपनीच्या मॅनिफोल्डवर काय चालतं, काय नाही

गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगावला येणाऱ्या अनेकांची एक तक्रार असते. खाली किनाऱ्याला गाडी चांगली ओढते, वर आली की पिकअप कमी वाटतो. मग कुणीतरी सल्ला देतं, "थ्रॉटल बॉडी मोठी घाल, गाडी सुटते बघ." पार्ट, लेथचं काम आणि मजुरी धरून बऱ्यापैकी पैसे जातात. ते घालण्याआधी हे वाचा.

थोडक्यात सांगायचं तर कंपनीचं इंजिन आणि कंपनीचाच मॅनिफोल्ड असेल, तर नुसती थ्रॉटल बॉडी मोठी करून ताकद जवळजवळ वाढत नाही. आणि काम चुकलं तर आयडलिंग बिघडण्यापासून बटरफ्लाय अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

थ्रॉटल बॉडीचं काम काय?

पेट्रोल गाडीत हवा एअर फिल्टरमधून नळीत, तिथून थ्रॉटल बॉडीत, पुढे मॅनिफोल्डमध्ये आणि मग सिलिंडरमध्ये जाते. थ्रॉटल बॉडीत एक गोल चकती असते, तिला बटरफ्लाय म्हणतात. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तशी ती उघडते. जुन्या गाड्यांत ती केबलने उघडते, नव्या गाड्यांत ईसीयूच्या हुकमावर छोट्या मोटरने.

महत्त्वाची गोष्ट अशी की पूर्ण रेस दिल्यावर किती हवा आत जाईल, हे मुख्यतः इंजिनचा सीसी, आरपीएम, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट ठरवतात. थ्रॉटल बॉडी हा फक्त दरवाजा. दरवाजा आधीच पुरेसा रुंद असेल, तर आणखी रुंद करून आत जास्त माणसं येत नाहीत.

हिशोब करून बघू

समजा १.२ लिटरचं इंजिन आहे आणि थ्रॉटल बॉडीचा बोअर ४५ मिमी. ६००० आरपीएमला हे इंजिन जास्तीत जास्त मिनिटाला ३६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर हवा ओढेल. ४५ मिमीच्या भोकातून तिचा वेग सेकंदाला सुमारे ३८ मीटर होतो. एवढ्या वेगाला होणारी दाबाची घट साधारण १ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एखादा टक्का.

बोअर ५० मिमी केला तर क्षेत्रफळ सुमारे २३ टक्के वाढतं. ऐकायला मोठं वाटतं. पण मुळात तोटाच एक टक्क्याचा असेल, तर वाचणार किती? ८० हॉर्सपॉवरच्या गाडीत अर्ध्या हॉर्सपॉवरहूनही कमी फरक. तो चालवताना कळत नाही.

मग ही कल्पना रुजली कुठून? अमेरिकेतली १९८६ ते १९९३ ची फोर्ड मस्टँग ५.० हे त्याचं गाजलेलं उदाहरण. तिला साधारण ६० मिमीची थ्रॉटल बॉडी असायची आणि लोक ६५ किंवा ७० मिमीची बसवायचे. ते इंजिन जवळपास ५ लिटरचं. ५००० आरपीएमला त्या ६० मिमीतून हवेचा वेग सेकंदाला ७० मीटरच्या पुढे जातो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो, म्हणून तिथे फायदा दिसायचा. तोही कॅमशाफ्ट आणि सिलिंडर हेड बदललेलं असेल तर जास्त. शिवाय थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारा ईजीआरचा स्पेसरही मोठा करावा लागायचा, नाहीतर अडथळा तसाच राहायचा. तिथला सल्ला आपल्या १.२ लिटरला जसाच्या तसा लागू होत नाही.

मग गाडी चपळ का वाटते?

बसवून आलेले लोक "फरक पडला" म्हणतात, ते खोटं बोलत नाहीत. केबलच्या गाडीत पेडल पाव दाबलं तरी मोठ्या भोकातून आधीपेक्षा जास्त हवा जाते. म्हणजे पाव पेडलला आता पूर्वीच्या थोड्या जास्त पेडलएवढी रेस मिळते. सुरुवात जोरात होते, पण पूर्ण पेडलला गाडी तेवढीच पळते. उलट ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना झटके बसतात.

बेळगावात पिकअप कमी वाटतो त्याचं कारणही वेगळं आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ८ टक्के कमी असतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. थ्रॉटल बॉडी कितीही मोठी घातली तरी ही घट भरून येत नाही.

पैसे घालण्याआधी ही तपासणी

ओबीडी स्कॅनर लावून मॅनिफोल्ड प्रेशरचा आकडा बघा. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना तो बाहेरचा दाब दाखवतो, पणजीत १०० ते १०१ आणि बेळगावात ९२ ते ९३ किलोपास्कलच्या आसपास. मग मोकळ्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या आणि वरच्या आरपीएमला आकडा किती राहतो ते शेजारी बसलेल्याला टिपायला सांगा. चालवणाऱ्याने मोबाईलकडे बघू नये.

फरक १-२ किलोपास्कलचाच असेल, तर थ्रॉटल बॉडी अडवत नाही, विषय संपला. फरक ५ किंवा जास्त असेल, तर आधी नवा एअर फिल्टर घाला, नळी कुठे चेपलेली नाही ना ते पाहा, थ्रॉटल बॉडीतला काळा थर साफ करून घ्या आणि पुन्हा मोजा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. त्यानंतरही गाडी ओढत नसेल तर स्पार्क प्लग, कॉम्प्रेशन आणि चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघावा.

बसवायचीच असेल तर

इंजिनचं बाकी काम झालं आहे आणि मोजणीतही अडथळा दिसतो, अशा वेळी पुढच्या गोष्टी सांभाळा.

१. मॅनिफोल्डचं तोंड मोजा. थ्रॉटल बॉडी ५० आणि तोंड ४५ राहिलं, तर आत पायरी तयार होते. हवा तिच्यावर आपटते आणि मिळणारा थोडका फायदाही जातो.

२. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असेल तर तोंड हळूहळू निमुळतं होईल असं बोअर करता येतं. उद्यमबागेत असं लेथकाम करणारे मिळतात. पण मॅनिफोल्ड इंजिनवरून उतरवूनच. कीस आत गेला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनला मार बसतो.

३. नायलॉनच्या मॅनिफोल्डला हात लावू नका. तोंडाभोवती ओ-रिंगची खाच असते आणि भिंत पातळ असते. बोअर केला की हवा गळते.

४. जुनीच बॉडी बोअर करून आणली असेल, तर बटरफ्लाय नव्या मापाचा हवा. त्याचे स्क्रू पक्के लॉक केलेले हवेत. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

५. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीच घाला. ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी परत नीट बसली आहे ना, हे स्वतः बघा.

६. थ्रॉटल सेन्सर ईसीयूला जुळणारा असावा आणि स्कॅनरने आयडल रीलर्न करून घ्यावं. आयडल चढं राहिलं तर पी०५०७ आणि दोन सेन्सरचं रीडिंग जुळलं नाही तर पी२१३५ हा कोड येतो. कोड नुसता पुसून गाडी ताब्यात घेऊ नका.

घाटाआधी आणि घाटात

इंजिन बंद ठेवून केबलच्या गाडीचा बटरफ्लाय हाताने पूर्ण उघडा आणि सोडा. तो खटकन बंद झाला पाहिजे. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा बघा, कारण गरम झाल्यावर धातू फुगतो आणि थंडीत मोकळा वाटणारा बटरफ्लाय तेव्हा अडकू शकतो.

चालताना रेस अडकलीच, तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. पुन्हा पुन्हा दाबू नका, पूर्ण रेसला बूस्टरचा व्हॅक्यूम लवकर संपतो. क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. गाडी बाजूला थांबली की मगच चावी फिरवा. चालत्या गाडीत चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

कायदा आणि विमा

गाडी केए-२२ असो, एमएच-०९ असो की गोव्याची, मोटार वाहन कायदा एकच. कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. थ्रॉटल बॉडीची आरसीवर नोंद नसते, म्हणून सगळं मोकळं असं समजू नका. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारा, आणि काम झाल्यावर पीयूसी नव्याने काढा.

बहुतेकांचं काम एक फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीची साफसफाई यातच भागतं. आधी मोजा, मग ठरवा.